रिकामं पाकीट दाखवा

आमच्या समोरच्या औषधांच्या दुकानात जी बाई उभी असायची, तिच्याशी पहिलं वर्षभर मी फक्त भांडले. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी तिची बाजू घेऊन बोलायला लागले की कोणीतरी म्हणणार, हिचं काय, ही पहिल्यापासून तिचीच. तिची कुठली? डोक्यात जायची ती माझ्या.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. एक खोली, दोन मशीन, कापायचं लांब टेबल, भिंतीला लागून हुकांचे आणि बटणांचे डबे. मधला रस्ता इतका चिंचोळा की समोर कोणी शिंकलं तर इकडे माझ्या सुईतला दोरा हलतो, असं आमचे हे म्हणतात. आमचे हे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेत आणि आता दिवसभर अशी वाक्यं जुळवत बसतात. पण ते अगदीच खोटं नाही. समोरचं सगळं मला दिसतं, ऐकू येतं, आणि इतकी वर्षं मी ते मन लावून ऐकत आले आहे.

त्या बाईला सगळे हेडबाई म्हणायचे. शाळेशी तिचा काडीचा संबंध नव्हता, ती फार्मासिस्ट होती. पण अंगात पांढरा कोट, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, आणि समोरच्याने गृहपाठ केलेला नाही हे तो दारात असतानाच ओळखणारी नजर. नाव कोणी ठेवलं माहीत नाही. बहुधा मीच ठेवलं असेल. सर्दी-खोकल्याच्या गिऱ्हाइकाला ती दोन मिनिटांत मोकळं करायची. पण ज्यांना रोजची गोळी आहे, बीपीची, शुगरची, थायरॉईडची, फिटची, दम्याची, त्यांची तिच्या हातून सुटका नव्हती. नवीन पाकीट देण्याआधी ती एकच प्रश्न विचारायची.

"रिकामी पाकिटं आणलीत?"

ही गोष्ट त्या प्रश्नाची आहे. तो तिच्या तोंडातून काढून घ्यायला लोक कसे निघाले आणि ती कशी हटली नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

तिचा नियम असा की भरलेली पाकिटं हवी असतील तर मागच्या महिन्याची रिकामी आणून काउंटरवर ठेवायची. विसरलात तर गोळ्या अडवून धरायची नाही ती. पाकिटाला कात्री लावायची, तीन गोळ्यांचा तुकडा हातावर ठेवायची आणि म्हणायची, "बाकीच्या पाकिटं आणल्यावर." तो तुकडा हातात पडला की भल्याभल्यांचा पारा चढायचा.

माझाही चढला. मला बीपी निघालं आणि दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातावर तो तुकडा आला.

"हे औषधांचं दुकान आहे की भंगाराचं?" मी विचारलं.

"भंगारवाला वजन करतो," ती म्हणाली. "मी वाचते."

वाचते म्हणे! मी घरी येऊन ह्यांना नक्कल करून दाखवली आणि आम्ही दोघं पोटभर हसलो. खरी गोष्ट अशी होती की मी गोळ्या घेतच नव्हते. पाकिटं तशीच्या तशी पडून होती. म्हणून मी एक युक्ती केली. दुकान बंद असतं त्या दिवशी दुपारी कापायच्या टेबलाशी बसले आणि तिन्ही पाकिटांतल्या तीसच्या तीस गोळ्या अंगठ्याने फटाफट बाहेर काढल्या. गोळ्या मोरीत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी मान ताठ करून रस्ता ओलांडला आणि पाकिटं तिच्यापुढे टाकली.

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. पाकिटं ट्यूबलाइटखाली शेजारी शेजारी लावली, उलटी केली, भोकांवरून बोट फिरवलं.

"ही तिन्ही तुम्ही एका बैठकीत फोडलीत, टेलरबाई."

"काहीतरीच काय!"

"रोज एक गोळी काढलेलं पाकीट दहा दिवस कुठे कुठे फिरतं. पिशवीत, उशीखाली, फ्रीजवर. कोपरे मुडपतात. पहिल्या भोकाचा चंदेरी कागद मळतो, शेवटच्याचा चकचकीत राहतो. तुमची सगळी भोकं चकचकीत, एका जोराची, एका ओळीत. शिलाई असती तर मी कौतुक केलं असतं."

माझ्या मागे निवृत्त पोस्टमन काठी टेकून उभे होते. ते खोकत खोकत हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"नाही घेत मी गोळ्या!" मी ओरडले. "जा, काय करायचं ते करा!"

आता ही मला सगळ्यांसमोर झाडणार, म्हणून मी कंबर कसून उभी राहिले. पण तिने पाकिटं बाजूला सारली आणि साध्या आवाजात विचारलं, "का घेत नाही?"

हे मला तोवर कोणीच विचारलं नव्हतं. डॉक्टर म्हणायचे घ्या. हे म्हणायचे घे. लेक फोनवरून म्हणायची घे गं आई. का घेत नाहीस, हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता, आणि तो ऐकल्यावर माझ्या तोंडून खरं बाहेर पडलं.

"त्यात लघवीची गोळी आहे. सकाळी घेतली की दुपारपर्यंत चार वेळा जावं लागतं. माझ्या दुकानात संडास नाही. घरी जायचं म्हणजे शटर ओढायचं, चौकापर्यंत चालायचं, तीन जिने चढायचे. परत येते तोवर गिऱ्हाईक गेलेलं असतं. बीपीने मी मरेन तेव्हा मरेन, धंदा आत्ता मरतोय."

रांगेतलं कोणी हसलं नाही. तिने मागे वळून खिळ्यावरची एक किल्ली काढली. लाकडाचा ठोकळा बांधलेली, हरवू नये म्हणून.

"मागच्या बोळात आमच्या संडासाचं दार आहे. ही जादा किल्ली, तुमच्याकडे ठेवा. डॉक्टरांशी मी आजच बोलते. गोळी बदलता येईल का, वेळ बदलता येईल का ते विचारते. पण ते सांगेपर्यंत ही घ्यायची."

तिने माझ्यासमोरच फोन लावला. "पेशंट गोळी घेत नाहीये, डॉक्टर," ती म्हणाली, "आणि पेशंटचं कारण बरोबर आहे." चार दिवसांनी माझी गोळी बदलली. किल्ली मात्र मी परत केली नाही. तिनेही मागितली नाही.

"पण ही मरेपर्यंत घ्यायची ना?" नवीन गोळी घेताना मी कुरकुर केली.

"हो."

"मला ते आवडत नाही."

"चष्मा आवडतो?"

"नाही."

"मी आवडते?"

"मुळीच नाही."

"तरी रोज बघावं लागतं ना? गोळीचंही तसंच समजा."

त्यानंतर आमचं जमलं. भांडणं थांबली नाहीत, फक्त ती जेवताना व्हायला लागली. दुपारच्या सुट्टीत ती डबा घेऊन माझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायची. जेवण झालं की पिशवीतून आपलं पाकीट काढून शुगरची गोळी घ्यायची. तिलाही शुगर होती. ती गोळी घ्यायची तीसुद्धा मला दिसेल अशी, मुद्दाम. आणि मग दुकानातली पाकिटं पसरून मला वाचायला शिकवायची. हे बघा, ही गोळी सुईने काढली आहे, म्हणजे म्हातारीची बोटं आखडली, तिला बाटलीतली गोळी हवी. ही बघा, बायकोच्या थायरॉईडच्या पाकिटात दोन वेगवेगळे अंगठे, म्हणजे नवराही तिच्याच गोळ्या खातोय, मला पण थकवा येतो म्हणून.

पोस्टमनकाकांची पाकिटं अगदी आदर्श होती. मळलेली, मुडपलेली, दिवसाला एक भोक. तरी दमा हटत नव्हता. शेवटी तिने त्यांना काउंटरशी उभं केलं आणि सांगितलं, कशी घेता ते दाखवा. काकांनी कॅप्सूल तोंडात टाकली आणि वर घोटभर पाणी प्यायले. यंत्रात घालून ओढायची पूड तो माणूस तीन महिने निष्ठेने गिळत होता! यंत्र घरी खोक्यात, नातवंडांनी हात लावू नये म्हणून कपाटावर. पुढचा आठवडाभर तिने त्यांना रोज बोलावून समोर ओढायला लावलं. काका रस्ताभर तिला शिव्या देत यायचे आणि जाताना धाप न लागता द्यायचे.

एकदा मी तिला विचारलं, हे खूळ आलं कुठून? डब्याचं झाकण लावत होती, हात थांबला.

"आईची हृदयाची गोळी होती," ती म्हणाली. "मी नुकती कामाला लागले होते. दर महिन्याच्या एक तारखेला तिच्या गावी पाठवायचे, एक महिना चुकवला नाही. फोनवर विचारायचे, मिळाली? मिळाली गं. घेतेस? घेते गं. ती गेली त्यानंतर कपाट उघडलं. चादरींच्या खाली सत्तेचाळीस पाकिटं. एकही फोडलेलं नाही. तारखेप्रमाणे लावून वर रबर. माझी आई फार टापटिपीची."

तिच्या हातातलं झाकण मी घेतलं आणि डब्यावर दाबून बसवलं.

"मी औषधं देणारी बाई," ती म्हणाली. "मला वाटलं, पोचलं म्हणजे पोटात गेलं. एकदाही म्हटलं नाही की आई, रिकामं परत पाठव."

ती रस्ता ओलांडून गेली आणि मी मशीनवर बसून रडले. त्या दिवशी एका परकराची शिलाई वाकडी आली, ती मी उसवली नाही.

मग समोरच्या दुकानाच्या मोठ्या मालकांचे गुडघे गेले आणि धाकटे मालक गल्ल्यावर आले. ते स्वतःच फार्मसी शिकलेले, त्यामुळे हेडबाईशिवाय त्यांचं काही अडत नव्हतं. पोरगा वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू? मला मावशी म्हणायचा. पण त्याला दुकान चकाचक हवं होतं आणि गिऱ्हाईक खूश हवं होतं. फोन करा, औषध घरपोच. कोणी यायलाच नको, म्हणजे कोणी चिडायला नको. वरच्या वस्तीतल्या दोन सभ्य माणसांनी तक्रार केली होती की तुमची बाई आमची झडती घेते.

"बाई, गिऱ्हाईक म्हणजे पाहुणा," तो तिला सांगत होता. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "पाहुण्याची पिशवी आपण तपासत नाही."

"पाहुणा निघून जातो," ती म्हणाली. "हे आयुष्यभर येणार आहेत. आणि त्यांचं आयुष्य किती, ते मी काय विचारते त्यावरही आहे."

"एक तारखेपासून काउंटरवर रिकामी पाकिटं हे शब्द मला ऐकू यायला नकोत."

"बरं," ती म्हणाली. "मग काउंटरच्या बाहेर येतील."

त्याने तिला मागच्या खोलीत खोकी लावायला बसवलं. रिकाम्या पाकिटांचा तिचा खण एका गोणीत उपडा केला आणि गोणी कचऱ्यात गेली. एक तारखेला दुपारची सुट्टी झाली. ती माझ्याकडे आली, चार घास उभ्याउभ्याच खाल्ले आणि पिशवी खांद्याला लावून निघाली. पोस्टमनकाकांच्या दारात. मग फिटची गोळी घेणाऱ्या शिंप्याच्या, म्हणजे माझ्या धंद्यातल्या शत्रूच्या घरी. मग जिन्याखालच्या म्हातारीकडे. दार वाजवायची आणि म्हणायची, "रिकामी पाकिटं काढा." काहींनी दार उघडलं नाही. एकाने तर तोंडावर आपटलं. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच दारात.

आणि मी? मी तिला चुकवत होते. खरं सांगायचं तर मला ते घरपोच प्रकरण फार आवडलं होतं. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर होतं, दीडशे स्कर्ट, जाड कापड. खांदा ठणकायला लागला. फोनवर गोळ्या मागवताना मी म्हटलं, दुखण्याचीही एखादी पाठवा. आली. संपली तशी पुन्हा मागवली, पुन्हा आली. रोज दोन घेत होते. फोनवरचा आवाज गोड होता, थँक्यू मॅडम म्हणायचा आणि कधी काही विचारायचा नाही. हेडबाईने पाकिटं मागितली की मी सांगायची, घरी आहेत. पण हाताला सवय लागलेली. रिकामं पाकीट फेकवत नव्हतं, मी ते बटणांच्या जुन्या डब्यात टाकत होते.

त्या दिवशी ती आली, बसली आणि डबा उघडायच्या आधीच म्हणाली, "पाकिटं."

"घरी आहेत."

"टेलरबाई."

त्या एका शब्दात तिने मला वर्गाबाहेर उभं केलं. मी बटणांचा डबा तिच्यापुढे सरकवला.

स्कर्टच्या कापलेल्या तुकड्यांवर तिने सगळं पसरलं. बीपीची एका बाजूला, दुखण्याची दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू वाढतच गेली. अकरा पाकिटं.

"ही कोणी दिली?"

"तुमच्याच दुकानानं. घरपोच."

"याने बीपी वर चढतं. रोज घेतली तर चढतंच. एक गोळी खाली आणतेय, दुसरी वर नेतेय, आणि तुम्ही मध्ये बसून स्कर्ट कापताय!" ती पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली. मग बीपीचं शेवटचं पाकीट तिने उचलून उजेडात धरलं. "ही चार भोकं कशाने पाडलीत?"

"कात्रीच्या टोकानं. अंगठा दुखतो हल्ली."

"कधीपासून?"

"चार भोकं आहेत ना, मग चार दिवस."

"दुखतो, की त्याला जोर लागत नाही?"

मी असा काही विचारच केला नव्हता. अंगठ्याने चंदेरी कागद दाबून पाहिला. दुखत नव्हतं. कागद फाटतही नव्हता.

"जाड कापड कापून कापून," मी म्हटलं, "वय झालं आता..."

"दोन्ही हात समोर धरा. तळवे वर. डोळे मिटा."

मला हसू येत होतं. मी हात धरले, डोळे मिटले. ती मनात आकडे मोजत असावी. डोळे उघडा म्हणाली तेव्हा डावा हात जिथे होता तिथेच होता. उजवा खाली उतरला होता. तो माझा हात होता, त्याच्यावर माझं दुकान चाललेलं, आणि तो मला न विचारता खाली गेला होता.

पुढचं सगळं तिनेच केलं. मशीनचं बटण बंद केलं, मला दंडाला धरून बाहेर काढलं, शटर ओढलं.

"अहो, साठ स्कर्ट बाकी आहेत!"

"बसू देत मुलींना घरी!"

रस्त्यात गाडी थांबवून ती मला आत बसवत होती, तेवढ्यात समोरून धाकट्या मालकांनी हाक मारली. "बाई, सुट्टी संपली!"

"तुमची संपली असेल," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी बसली.

हॉस्पिटलात कळलं, डोक्यातल्या एका बारीक रक्तवाहिनीत अडकलं होतं काहीतरी. बीपी इतकं वर होतं की नर्सने यंत्र बदलून पुन्हा पाहिलं. डॉक्टर म्हणाले, हा छोटा झटका आहे, मोठा वाटेवर होता. घाबरले का? घाबरले. आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते. आमचे हे पलंगाशेजारी बसून राहिले आणि आठ दिवसांत त्यांनी एकही वाक्य जुळवलं नाही.

मी परत आले तेव्हा समोर निकाल लागलेला होता. न सांगता काम सोडून गेली, हे धाकट्या मालकांना आयतं कारण मिळालं. तरी त्यांनी तिला एक संधी दिली. यापुढे दुकानात किंवा दुकानाबाहेर कोणाकडेही रिकामी पाकिटं मागणार नाही, असं लिहून द्या आणि राहा. तिने कागद घेतला, पेन घेतलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं, मी रिकामी पाकिटं मागत राहीन. खाली सही केली, तारीख घातली. कोट तिचा स्वतःचा होता, तो घडी करून पिशवीत घातला. चोवीस वर्षांचं काम अर्ध्या मिनिटात संपलं.

मला हे पोस्टमनकाकांनी सांगितलं आणि मी तशीच उठले. चालताना पाय जड होता. बटणांचा डबा डाव्या हाताने कडेवर घेतला, रस्ता ओलांडला आणि काउंटरवर उपडा केला. पाकिटांबरोबर दोनतीन बटणंही गडगडत गेली.

"वाच," मी म्हटलं.

"मावशी, यात वाचायचं काय?" त्याला खरंच कळलं नव्हतं.

"तेच म्हणते मी. तुला वाचता येत नाही. जिला येत होतं, तिला तू घालवलंस."

तो काहीतरी बोलत होता, नियम, तक्रारी, काळ बदलला. मी माझी बटणं गोळा केली आणि आले.

माझ्या टेबलाचं दुसरं टोक मी तिला दिलं. आमच्या ह्यांनी पुठ्ठ्यावर पाटी रंगवली. "इथे गोळ्या मिळत नाहीत. रिकामी पाकिटं इथे दाखवा." धाकट्या मालकांनी निरोप पाठवला की असं बसता येत नाही. हेडबाईने उलटा निरोप पाठवला, "मी विकत काही नाही, औषध बदलत नाही. बघते, आणि काही दिसलं तर डॉक्टरांकडे धाडते. बघायला परवाना लागत नाही." पहिल्या आठवड्यात कोणी आलं नाही. पोस्टमनकाका तेवढे तीनदा आले, जुनीच पाकिटं घेऊन. मग जिन्याखालची म्हातारी आली. मग माझा शत्रू शिंपी आला आणि आल्या आल्या माझ्या शिलाईला नावं ठेवून बसला. हेडबाई ताठ बसून एकेक पाकीट वाचायची, मोठ्या आवाजात बोलायची, समोरच्या दुकानाला ऐकू जाईल असं. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे हो. मीही म्हणायची.

तीनेक आठवडे गेले असतील. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी उजव्या अंगठ्याने चेंडू दाबत बसायची आणि नजर इकडे तिकडे फिरायची. तेव्हा माझ्या एक लक्षात आलं. लाकडी ठोकळ्याची ती किल्ली मी माझ्या दुकानात खिळ्याला लावून ठेवायची, ती हल्ली तिथे नसायची. मी घेतली नसेल तर ती कुठे? हेडबाई घेऊन गेलेली. धाकट्या मालकांच्या नाकाखालून, त्यांच्याच संडासात. आधी मला त्याची भारी मजा वाटली. पण एका दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत ती किल्ली पाच वेळा उतरली. आणि तिच्या पाण्याचा तांब्या मी सकाळपासून तिसऱ्यांदा भरत होते. जेवण झाल्यावर मला दिसेल अशी ती गोळी घ्यायची, तीही बरेच दिवस दिसली नव्हती.

"हेडबाई," मी म्हटलं, "तुमची पाकिटं दाखवा."

"माझी?" ती हसली. "घरी आहेत."

"हे उत्तर माझं आहे. मी ते फार वापरलंय."

दुसऱ्या दिवशी तिने तीन पाकिटं आणून टेबलावर ठेवली, अगदी मान ताठ करून. मी चष्मा लावला. पाकिटं उलटी केली. भोकांवरून बोट फिरवलं. कोपरे सरळ होते. कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत चकचकीत. सगळी भोकं एका जोराची, एका ओळीत.

"ही तुम्ही एका बैठकीत फोडलीत."

ती समोरच्या काउंटरकडे बघत राहिली. मला तिचा भयंकर राग आला. तिला झाडायला तोंड उघडलं होतं, पण मला तिनेच एकदा विचारलेलं आठवलं.

"का घेत नाही?"

ती म्हणाली, "इथे बसते तोवर सगळं ठीक असतं. घरी गेले की हात उचलत नाही. गोळी समोर असते आणि वाटतं, कशासाठी? चोवीस वर्षं उभी होते मी तिथे. कोणाला काय फरक पडला?" तिने पाकिटं आपल्याकडे ओढली. "आईला रिकामी मागणारं कोणी नव्हतं, म्हणून तिने भरलेली ठेवली. मला मागणारी तू निघशील हे माहीत होतं, म्हणून मी फोडून ठेवली."

ती मला पहिल्यांदाच तू म्हणाली होती.

मी तिची पिशवी ओढली, आतून भरलेलं पाकीट काढलं. माझ्या हाताशी कात्री होती, डावा हात धडधाकट होता. मी उजवा अंगठा लावला. दाबला, काही झालं नाही. पुन्हा दाबला, नख पांढरं पडलं.

"दे इकडे," ती म्हणाली.

"हात लावायचा नाही! मला विचारताय फरक काय पडला? हा अंगठा बघा!"

तिसऱ्यांदा कागद फाटला. गोळी टेबलावर उडून बटणांत जाऊन पडली. ती मी शोधली, कोटाच्या चार बटणांमधून वेचून काढली, पुसली आणि पाण्याच्या पेल्याशेजारी तिच्यासमोर ठेवली.

"माझ्यासमोर घ्यायची. जेवल्या जेवल्या, रोज. आणि आज संध्याकाळी शुगर तपासायला जायचं, मी शटर ओढून बरोबर येते. दुपारच्या गोळीचं पाकीट इथेच राहील, माझ्या डब्यात. एकदम फोडलेलं चालणार नाही, मळलेलं हवं."

दारात काठी वाजली. पोस्टमनकाका पाकिटं घेऊन उभे होते.

"आज नंबर कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"थांबा थोडं," मी म्हटलं. "आधी हेडबाईंचा आहे."

तिने माझ्याकडे बघत गोळी उचलली, तोंडात टाकली आणि पेला रिकामा केला.